नुक्ता

आमच्या घरात एक शिसवी पेटी आहे. हातभर लांब, वीतभर उंच. तिला कुलूप कधीच नव्हतं, पण आम्हा भावंडांना ती उघडायची मुभा नव्हती. "उसको हाथ नक्को लगाओ" हे अब्बांचं वाक्य आम्ही अलिफ-बेच्या आधी शिकलो. पेटीत बोरूचे पंधरा-वीस कलम, कलम तासायची एक सुरी, पितळेची दौत, दौतीत शाई धरून ठेवणारा रेशमी धाग्यांचा बोळा आणि एक पिवळट पडलेली जाड पट्टी. त्या पट्टीवर कलमाचं टोक ठेवून अब्बा ते सुरीने तिरकं छाटायचे. 'कट्' असा आवाज व्हायचा. त्या छाटण्याला 'कत' म्हणतात. छाटल्यावर टोकाची जी रुंदी उरते तिलाही कतच म्हणतात. तेवढ्या रुंदीचा एक चौकोनी ठिपका कागदावर उमटवला की झाला नुक्ता. पुढे सगळी अक्षरं याच मापाने मोजायची.

अब्बा कातिब होते. औरंगाबादच्या एका उर्दू दैनिकात ते बातम्या लिहायचे. म्हणजे बातम्या गोळा करून आणणारे दुसरे, अब्बा त्या फक्त हाताने लिहून काढायचे. (शहराचं नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झालं आहे. मी ज्या दिवसांबद्दल लिहिते आहे तेव्हा ते औरंगाबाद होतं, आणि अब्बांच्या तोंडी अजून तेच आहे.) मराठी वाचकाला हे नवल वाटेल म्हणून सांगते. नस्तालिक लिपी उजवीकडून डावीकडे जाताना वरून खाली उतरत जाते. अक्षर शेजारच्या अक्षराच्या खांद्यावर बसतं, शेजारी बदलला की आपला चेहराही बदलतं. शिशाच्या खिळ्यांना हे जमेना. म्हणून मराठी वर्तमानपत्रं खिळे जुळवून छापली जात होती त्या काळातही उर्दू वर्तमानपत्राचं पान न पान माणूस लिहीत होता. चेन्नईचं 'द मुसलमान' १९२७ साली सुरू झालं आणि पुढे कितीतरी दशकं ते हातानेच लिहिलं गेलं.

अब्बा संध्याकाळी चारला जायचे ते रात्री एकला यायचे. एक गुडघा उभा, त्यावर फळी, फळीवर बटर पेपर. चूक झाली तर तेवढाच तुकडा पुन्हा लिहून वर चिकटवायचा, त्याला चेपी म्हणत. बालपणी आमच्या घरात जेवणाच्या दस्तरखानवरही चेपीचे तुकडे सापडायचे. एकदा माझ्या भाकरीला एका मंत्र्याचं अर्धं नाव चिकटून आलं होतं.

१९८१ साली पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीच्या साथीने नूरी नस्तालिक तयार केलं. जवळजवळ वीस हजार जोडाक्षरं हाताने लिहून ती यंत्रात भरली. १९९४ साली दिल्लीहून इनपेज आलं आणि साध्या संगणकावर उर्दू टाइप होऊ लागली. आमच्या शहरात ते यायला आणखी काही वर्षं लागली. २००० साली अब्बांच्या दैनिकाने दोन संगणक घेतले. मी तेव्हा पाचवीत होते. मालकांनी चार कातिबांना बोलावून चहा पाजला आणि एका महिन्याचा पगार जास्त दिला. एका पंचवीस वर्षांच्या मुलाने खुर्चीत बसून चौघांचं काम तीन तासांत करून दाखवलं. अब्बा घरी आले, पेटी बंद केली आणि पलंगाखाली सरकवली.

पुढे त्यांनी लग्नपत्रिका लिहिल्या. दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग फ्लेक्स आला आणि पाट्याही गेल्या. शेवटी उरले ते कबरीवरचे कतबे. अब्बा दगडावर गेरूने नाव आणि तारखा लिहून द्यायचे, पाथरवट छिन्नीने कोरायचा. "अब मुर्दे ही मेरे गाहक हैं," असं ते हसत म्हणायचे. अम्मी अशा वेळी स्वयंपाकघरात निघून जायची.

हे एवढं सगळं सांगितलं कारण त्याशिवाय मला 'लेझर कटर' या शब्दाचा राग का येत होता ते कळणार नाही.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला गणित आणि विज्ञान शिकवते. २०२३च्या नोव्हेंबरात, जागतिक वारसा सप्ताहाच्या निमित्ताने, शहरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचं पत्र आलं. शाळांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा. शहरातल्या जुन्या वास्तूंवरची नक्षी मुलांनी पाहायची, कागदावर काढायची, संगणकात न्यायची आणि यंत्रावर कापून वस्तू तयार करायची. पत्र मराठीत होतं म्हणून ते माझ्या टेबलावर आलं. आमच्या शाळेत मराठीतलं प्रत्येक पत्र माझ्याच टेबलावर येतं, मग ते पाणीपट्टीचं का असेना.

मी ते दोन दिवस फाइलखाली दाबून ठेवलं. सरकारने २०१६ पासून शाळांना अटल टिंकरिंग लॅब द्यायला सुरुवात केली तेव्हा आम्हीही अर्जाचा विचार केला होता. वीस लाखांपर्यंत अनुदान होतं. पण नियमात दीड हजार चौरस फूट जागा मागितली होती, आणि आमच्याकडे दोन पाळ्यांत मिळून एकाच खोलीत दोन वर्ग बसतात. तेव्हा जे यंत्र आमच्या दारी येणार नव्हतं ते पाहायला आपण दुसऱ्याच्या दारी जावं, एवढाच हिशेब मी शेवटी केला.

सोळा मुलींची नावं दिली, बारा आल्या. चौघींच्या घरून निरोप आला की मुलींना मशीन कशाला. याचं मला नवल नाही, मी बी.एड.ला गेले तेव्हा मलाही हेच विचारलं होतं, फक्त मशीनच्या जागी 'इतना पढके' होतं. एकीचे वडील मात्र तिला घेऊन स्वतःच आले आणि दोन्ही दिवस प्रयोगशाळेच्या काचेबाहेर बाकावर बसून राहिले. ते लोखंडी ग्रिल आणि दारं बनवतात. त्यांच्याबद्दल पुढे सांगते.

शिकवणारे सर तिशीतले होते. त्यांनी पाबळच्या विज्ञान आश्रमात एक वर्ष काढलं होतं. पुणे जिल्ह्यातलं हे पाबळ. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे शाळा सोडलेल्या मुलांना हाताने काम करत शिकवायला सुरुवात केली. अमेरिकेत एमआयटीमध्ये नील गर्शनफेल्ड नावाच्या प्राध्यापकांनी 'जवळजवळ काहीही बनवायला शिका' असा वर्ग काढला होता. त्यातून 'फॅब लॅब' ही कल्पना निघाली: संगणकावर आखायचं आणि छोट्या यंत्रांवर तिथल्या तिथे घडवायचं, अशी सर्वांना खुली कार्यशाळा. एमआयटीच्या बाहेर पहिली फॅब लॅब २००२ साली या पाबळमध्ये उभी राहिली. बोस्टनहून निघालेली गोष्ट मुंबई-दिल्लीला न थांबता थेट शिरूरजवळच्या दुष्काळी गावात कशी उतरली, हे सर फार रंगून सांगत होते. मला ते ऐकून बरं वाटलं, हे कबूल करते. रागाला पहिली चीर तिथे पडली.

सरांनी मला विचारलं, "मॅडम, उर्दू म्हणजे अरबीच ना?" मी म्हटलं, नाही. मग त्यांनी म्हटलं, "तुम्ही मराठी छान बोलता." हे वाक्य मला आयुष्यात इतक्या वेळा भेटलं आहे की आता मी त्याला सलाम करून पुढे जाते. मी इथेच जन्मले, सर.

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही बीबी का मकबऱ्यात गेलो. मुलींपैकी सात जणी पहिल्यांदाच आत येत होत्या. घरापासून दोन-तीन किलोमीटरवर राहणाऱ्या मुली! पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांना तिकीट लागत नाही, हे त्यांच्या घरी माहीत नव्हतं. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर, सतराव्या शतकातली. गाइड लोक 'गरिबांचा ताज' म्हणून ती दाखवतात, आणि त्यात तुलनेने फसलेली नक्कल असा सूर असतो. गुलाम मुस्तफाच्या 'तारीखनाम्या'त तिचा खर्च सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे दिला आहे. मुलींना ते सात आणे फार आवडले. एवढ्या मोठ्या इमारतीचा हिशेब सात आण्यांपर्यंत ठेवणारा मुनशी कसा असेल, यावर त्यांची बराच वेळ चर्चा चालली. घुमट संगमरवरी, पण भिंतींचा बराच भाग आपल्याकडच्या काळ्या दगडाचा आणि त्यावर चुन्याचा गिलावा. त्या गिलाव्यावरची वेलबुट्टी मात्र अशी की नक्कल म्हणणाऱ्याने जवळ जाऊन पाहावी.

आत कबर खालच्या अंगाला आहे आणि तिच्याभोवती संगमरवराची अष्टकोनी जाळी. वरून वाकून पाहावं लागतं. जाळीला हात लावायची परवानगी नव्हतीच, म्हणून मुलींनी जाळ्या डोळ्यांनी मोजल्या आणि वहीत उतरवल्या. मग प्रवेशद्वारापाशी सरांनी सगळ्यांना थांबवलं. दारावर पितळी पत्रा आहे आणि त्यावर दोन नावं कोरली आहेत: अताउल्लाह आणि हंसपत राय. एक वास्तुकार, दुसरा बांधकामाचा जाणकार. अताउल्लाह हा उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. मी या दारातून लहानपणापासून किती वेळा गेले असेन. एकदाही ही नावं पाहिली नव्हती.

दुपारी प्रयोगशाळेत. आम्ही तिथल्यासारखीच, पण सोपी, सहा टोकांच्या चांदणीची जाळी निवडली. मुलींनी आधी कागदावर परकारने वर्तुळ काढलं आणि त्याच त्रिज्येने परिघावर सहा खुणा केल्या. ही रचना त्यांच्या पुस्तकातच आहे. उर्दूत षट्कोनाला मुसद्दस म्हणतात, आणि सहा ओळींच्या कडव्यांच्या कवितेलाही मुसद्दसच. आठवीतली एक मुलगी म्हणाली, "आपा, तो फिर ये जाली पत्थर की नज्म है." मी तिला भूमितीच्या तासाला कधी एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

संगणकावर तेच वर्तुळ, तेच सहा बिंदू. एक चांदणी काढली की तिची नक्कल शेजारी ठेवत जायची. पण मुलींनी पट्ट्या फार बारीक ठेवल्या. लेझरचा किरण कापताना स्वतःच्या जाडीएवढं लाकूड जाळून टाकतो. आमच्या यंत्रावर ते मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढं होतं, पण पट्टी दोन्ही बाजूंनी कापली जाते. तीन मिलिमीटरच्या प्लायमध्ये एक मिलिमीटरची पट्टी! यंत्राचं झाकण उघडून उचलायला गेल्यावर जाळी पापडासारखी मोडली. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. सर म्हणाले, "मोडू दे. दगडवाल्याचं मोडलं असेल तेव्हा त्याचा महिना गेला असेल, आपली चार मिनिटं गेली." दुसऱ्या वेळी पट्टी तीन मिलिमीटरची केली. जाळी टिकली. खिडकीच्या उन्हात धरली तेव्हा समोरच्या भिंतीवर चांदण्या पडल्या, आणि बाहेर बसलेले ग्रिलवाले चाचा काचेला नाक लावून उभे राहिले.

मी त्यांना आत बोलावलं. ते चप्पल काढून आत आले. जाळीवरून अंगठा फिरवला आणि पहिला प्रश्न विचारला तो यंत्राच्या किमतीचा. दुसरा, लोखंड कापेल का. सरांनी सांगितलं, हे नाही कापणार, पण वाळूजला पत्रा कापून देणारी मोठी यंत्रं आहेत. चाचांना ते माहीत होतं. मीटरमागे भाव किती, तेही माहीत होतं. "उनको डिजाइन की फाइल देना पडता. वो फाइल मैं पैसे देके लेता," ते म्हणाले आणि मुलीकडे बघून गप्प झाले. तिनेच ती फाइल केली होती.

आता नुक्त्याकडे येते.

दिवसाच्या शेवटी प्रत्येकीने एक आवडता शब्द लाकडात कापून घरी न्यायचा होता. बारिश, किताब, चिराग. एकीने निवडला 'पंछी'. यंत्राशी जोडलेलं सॉफ्टवेअर जुनं होतं. त्याला उर्दू अक्षरं जोडायची अक्कल नव्हती. सगळी अक्षरं सुटी, वर उलट्या क्रमाने, शाळेच्या हजेरीला रांगेत उभी केल्यासारखी पडद्यावर आली. दुसऱ्या संगणकावर एक उर्दू फॉन्ट मिळाला, तो नस्ख निघाला. नस्ख म्हणजे सरळ रेषेवर चालणारं, छापील अरबी वळणाचं अक्षर. वाचता येतं, पण आपल्या घरचं वाटत नाही. तरी म्हटलं चालेल. यंत्र चालू केलं. 'पंछी' कापून झाला. झाकण उघडलं तर शब्द होता आणि नुक्ते नव्हते. पेचे तीन, नूनचा एक, चेचे तीन. सातही ठिपके सुटून खालच्या जाळीतून राखेच्या ट्रेमध्ये गेले होते.

मराठीत लिहिताना मी कलमच्या 'क'खाली नुक्ता देत नाही, मराठीचं त्यावाचून अडत नाही. उर्दूचं अडतं. एक नुक्ता वरचा खाली आला तर खुदाचा जुदा होतो. सात नुक्ते गेल्यावर तर 'पंछी' म्हणजे नुसते दात राहिले. मुली राखेत बोटं घालून ठिपके शोधत होत्या. सर म्हणाले, "ठिपक्यांना शब्दाशी बारीक पुलाने जोडून टाकू." त्यांनी जोडून दाखवलं. ते अक्षर नव्हतं, जाळ्यात अडकलेली पाल वाटत होती.

मी रात्री घरी हे अब्बांना सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "पे कैसी थी?" मी म्हटलं, नस्ख. ते म्हणाले, "फिर ठीक हुआ जो गिर गए." थोड्या वेळाने पलंगाखालून पेटी ओढल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर आले. ७१ वर्षांचे, धुतलेला पांढरा कुर्ता, बगलेत पेटी. रिक्षात एकदाच बोलले: "मैं उस मशीन को देखने आ रौं. उसके वास्ते काम करने नई."

त्यांनी बारा शब्द लिहिले. जाड कलमाने, पांढऱ्या कागदावर, प्रत्येक शब्द एका दमात. मुली श्वास रोखून बघत होत्या. सरांनी कागद स्कॅन केले, संगणकाने शाईच्या कडेने रेघ ओढली. रेघेवर शेकडो बिंदू आले. यंत्र अडखळू नये म्हणून सरांनी एक बटण दाबून बिंदू कमी केले. अक्षर गुळगुळीत झालं. अब्बांनी चष्मा पुसला.

"ये किसने लिखा?"

"तुम्हीच, बाबा."

"हमने नई लिखा. इसकी नोक-पलक मर गई."

मला वाटलं, संपलं. पण सर हुशार होते. त्यांनी खुर्ची ओढली आणि अब्बांना शेजारी बसवलं. "कुठे मेली, दाखवा." मग तीन तास ते दोघं पडद्यासमोर होते. अब्बा बोट ठेवायचे, सर बिंदू हलवायचे. एक मराठी बोलतो, एक दखनी. मध्ये मी दुभाषी म्हणून बसले होते, पण अर्ध्या तासाने माझी गरज उरली नाही. सरांना दायरा कळला, कशिश कळली. रेघ जिथे संपते तिथे ती कशी पातळ होत जाते ते कळलं. एकदा त्यांनी विचारलं, "अलिफ किती उंच?" अब्बा म्हणाले, "तीन कत." "म्हणजे किती मिलिमीटर?" अब्बांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू कोणी विचारलं, माणूस किती लिटरचा असतो. "वो कलम पे है. कलम मोटा, तो अलिफ ऊँचा."

सर खुर्चीतून उठलेच. त्यांच्या धंद्यात याला पॅरामेट्रिक म्हणतात, असं त्यांनी मुलींना फळ्यावर समजावलं. एक माप धरायचं, बाकी सगळी मापं त्याच्या पटीत बांधायची. ते एक बदललं की सगळं आपोआप बदलतं. कालची जाळीही तशीच, वर्तुळाची त्रिज्या बदला, चांदणी तिच्या मागे येते. आम्ही हे संगणकावर शिकायला दोन वर्षं घालवली, ते म्हणाले, आणि बाबांच्या पेटीत ते आधीपासून होतं. अब्बांना 'पॅरामेट्रिक' उच्चारता आलं नाही. ते 'पैरा मीटर' म्हणत राहिले आणि ते काहीतरी विजेचं असावं अशी त्यांची समजूत अजून आहे.

मग नुक्त्यांचं काय? अब्बांनी पूल साफ नाकारला. म्हणाले, पाटी रंगवायचा पत्र्याचा साचा कापताना तो द्यावा लागतो, कारण साचा म्हणजे भोक. पण हे तर अक्षर आहे. त्यांनी सांगितलं, शब्दाच्या मागे एक पाटी ठेवा. शब्द पाटीवर चिकटवा. नुक्ते वेगळे कापा, ट्रेमध्ये कागद अंथरून, म्हणजे हरवणार नाहीत. आणि ते प्रत्येकीने स्वतःच्या हाताने लावायचे. कुठे, ते कताने मोजून. त्यांनी पट्टीऐवजी कापलेला एक नुक्ताच मापाला दिला. मुलींनी चिमट्याने आपापले ठिपके लावले. पंछीवालीचे दोनदा सरकले. तिसऱ्यांदा अब्बा म्हणाले, "साँस रोक के." लागले.

इथे लेख संपवला असता तर छान झालं असतं. पण पुढेही काही घडलं.

दीड महिन्यानंतर त्या महाविद्यालयात प्रदर्शन होतं. मी दोन मुलींना घेऊन गेले. एका टेबलावर लाकडी किल्लीसाखळ्या विकायला होत्या, सत्तर रुपयाला एक. बारिश, किताब, चिराग, पंछी. अब्बांचं अक्षर मी अंधारात ओळखेन. वर पाटी होती: 'पारंपरिक उर्दू फॉन्ट. निर्मिती: आमची प्रयोगशाळा.' पंछीचे नुक्ते त्यांनी पुलाने जोडून टाकले होते.

माझं डोकं सणकलं. मी त्याच रात्री पत्र लिहिलं, मराठीत, नीट चार मुद्द्यांचं. उत्तर आलं की कार्यशाळेत तयार झालेलं सगळं खुलं असतं, ज्ञान वाटण्यासाठी असतं. सत्तर रुपयांचा उल्लेख नव्हता. गंमत म्हणजे मला खरं काय ते त्या शिकवणाऱ्या सरांनीच दाखवलं. त्यांना प्रदर्शनाचं आधी विचारलं नव्हतं. फॅब लॅबची म्हणून एक सनद आहे, जगभरच्या प्रयोगशाळांत ती लावलेली असते. तिच्यात म्हटलं आहे की इथे घडलेली रचना घडवणारा आपल्या मर्जीने राखू शकतो, विकू शकतो. मात्र इतरांना ती वापरून शिकायला मिळावी. शिकायला. घडवणाऱ्याला वगळून विकायला असं त्यात कुठेही नाही.

अब्बांना मी सांगणार नव्हते. मुलींनी सांगितलं. मला वाटलं होतं ते दुखावतील आणि पेटी पुन्हा पलंगाखाली जाईल. ते म्हणाले, तीस वर्षं अखबार लिहिला, एकाही पानावर माझं नाव नव्हतं. किताबवाले मागच्या पानावर 'किताबत' म्हणून कातिबाचं नाव छापायचे, अखबारवाले नाही. मग थोडं थांबून: "मगर पुल कायकू लगाया?" त्यांचा राग पुलाचा होता. माझा नावाचा. या बाबतीत मला अब्बांचं पटत नाही, आणि मी त्यांना तसं सांगितलं. सात आणे ज्यांनी लिहून ठेवले त्यांनी पितळी पत्र्यावर अताउल्लाह आणि हंसपत राय ही नावंही ठेवली. बादशाही होती तरी ठेवली. अब्बा म्हणाले, "तू मास्टरनी है, तेरेकू नंबर देना आता. लिख दूसरा खत." मी दुसरं पत्र लिहिलं. त्यात तीन गोष्टी मागितल्या: पाटीवर नाव, विक्रीतला वाटा आणि पुलाविना नुक्ते. तिसरी अब्बांनी घालायला लावली. तीन आठवड्यांनी पाटीवर नाव आलं. नुक्त्यांचं 'विचाराधीन' आहे. वाट्याबद्दल उत्तर अजून यायचं आहे.

ग्रिलवाल्या चाचांनी मुलीच्या जाळीचं एक दार केलं. वाळूजहून पत्रा कापून आणला. फाइलचे पैसे त्यांनी मुलीला दिले का, हे मी विचारलं. दोनशे रुपये दिले, असं ती म्हणाली, आणि वर, "अब्बू ने पहले डेढ सौ बोले थे."

सर आता दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी आमच्याच शाळेत येतात. यंत्र येत नाही, लॅपटॉप येतो. मुली आखतात, ते कापून आणतात. गेल्या वेळी आठवीच्या मुलींनी हट्ट धरला की आम्हाला आधी कलमाने लिहायचं आहे. सोळा मुली. यंत्रावर कलम करता येतील का, असं अब्बांनी सरांना विचारलं. सर म्हणाले, बोरू गोल, आतून पोकळ आणि प्रत्येकाची जाडी निराळी. आमचं यंत्र सपाट फळ्या कापतं. हे ऐकून अब्बा बरेच खूश दिसले.

बाजारातून बोरूची जुडी आणली आहे, ती गच्चीवर वाळते आहे. सोळा कलम तासायचे तर पेटीतली सुरी बोथट आहे. एवढी वर्षं अम्मी तिने लिंबं चिरत होती, हे परवा उघडकीला आलं. धारवाला गुरुवारी गल्लीत येतो. त्याला थांबवायला मला सांगून ठेवलं आहे.